मास्तरांचा दुसरा ब्रेक

गाडी दिसली की मास्तरांचे पाय आपोआप शेजारच्या सीटकडे वळायचे. गाडी पाहुण्याची असो, टॅक्सी असो, नाहीतर स्वतःची. एकदा तर किल्ली खिशात, गाडीत चिटपाखरू नाही, आणि मास्तर शेजारच्या सीटवर बसून, पट्टा लावून, "चला, आधी आरसा बघा" असं म्हणून वाट बघत राहिले. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की चालवणारं कुणी आलेलंच नाही. हा किस्सा त्यांनी स्वतःच गावभर केला, म्हणून कळला तरी.

आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं. लोकांना गाडी शिकवली. त्या लहानशा शहरातल्या निम्म्या लोकांना त्यांनी गाडी चालवायला शिकवलं आणि उरलेल्या निम्म्यांना आपोआपच रस्ता जपून ओलांडायची सवय लागली. पाण्याच्या टाकीजवळचा उतार आला की आजही तिथल्या गाड्या सगळ्या एकाच जागी हलकेच मंदावतात. तिथे ना पाटी आहे ना सिग्नल. तिथे मास्तर म्हणायचे, "ब्रेक म्हणजे माफी. वेळेवर मागितली तर हळूच भागतं, उशीर केलात तर कपाळमोक्ष." शिकणाऱ्यांच्या पायात ते वाक्य बसलं ते बसलंच.

शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. शिकणारा चुकला, घाबरला, की मास्तरने तो दाबायचा. लोक मास्तरांना म्हणत, "तुमचं काम म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं." मास्तर हसायचे. त्या दुसऱ्या ब्रेकवर अधांतरी पाय धरून दिवसभर बसून दाखवा म्हणावं. संध्याकाळी पोटरीत असे गोळे यायचे की जिना चढताना कठड्याला धरावं लागे. बसमध्ये बसले तरी त्यांचा पाय पुढच्या सीटखाली दाबला जायचा. झोपेत दाबला जायचा तो वेगळाच. मास्तरीणबाईंनी त्या पायाच्या लाथा संसारभर सोसल्या.

त्यांची गाडी लिंबाच्या रंगाची होती आणि अंगाने इतकी आटोपशीर की शिकणाऱ्यांनी तिचं नावच 'लिंबू' ठेवलं. दार जरा वर उचलून लावावं लागे. मागच्या काचेचं हँडल फिरवलं की हातात यायचं. हॉर्न पडसं झालेल्या माणसासारखा. पण सकाळी किल्ली फिरवली आणि लिंबू सुरू झाली नाही असं कधी झालं नाही. कितीही थंडी असो, लोकांनी गिअरचा कितीही खडखडाट केलेला असो. लिंबूच्या अंगावर जागोजाग पोचे होते आणि मास्तरांना ते माणसांसकट पाठ होते. पुढचा पोस्टातल्या बाईंचा. दाराखालचा शिंप्याचा. मागचा मोठा होता तो डोळ्यांच्या डॉक्टरांचा, तेव्हा ते डॉक्टर नव्हते, नुसतेच घाबरट होते. मिस्त्री म्हणायचा, "मास्तर, ठोकून सरळ करून देतो." मास्तर म्हणायचे, "राहू दे रे. माणसं आहेत ती."

काय दिवस होते ते! पहाटे दव पडलेली काच पुसायची, छतावरची 'शिकाऊ' ही पाटी घट्ट करायची, आणि कोपऱ्यावर कुणीतरी आधीच येऊन उभं असायचं, नवे बूट घालून, परीक्षेला आल्यासारखं. नवशिका माणूस सुरुवातीला श्वाससुद्धा विचारून घेतो. मान ताठ, मुठी पांढऱ्या. मग कधीतरी नदीकाठच्या सरळ रस्त्यावर ऊन आत येतं, गाडी आपल्या नादात चालते आणि तो माणूस नकळत गुणगुणायला लागतो. सुरात असो नसो. मास्तर त्याचीच वाट बघत असायचे. "झालं," ते म्हणायचे, "आता परीक्षेला बसा." गाडी कशी निवडावी असं कुणी विचारलं तरी त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "भरवशाची हवीच. पण नुसती भरवशाची नको. भरवशाचं कपाटही असतं. चालवताना माणूस गुणगुणला पाहिजे."

आता इतकी माणसं शिकवणाऱ्याच्या घरात गाडी न येणारं एकच माणूस, ते म्हणजे मास्तरीणबाई. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. गावाने त्यांना मास्तरीण म्हणावं आणि त्यांनी पिशव्या घेऊन बाजारातून चालत यावं. रस्त्यात मास्तरांचे शिष्य गाडी थांबवून "सोडू का घरी?" म्हणायचे, त्यात तर त्यांचं डोकं आणखीच फिरायचं.

असं नव्हे की शिकवायचा प्रयत्न झाला नाही. लेक लहान असताना मास्तरांनी हौसेने त्यांना लिंबूत बसवलं होतं. बाई हुशार. गिअर पटकन जमला, वळण जमलं. पण चौक आला की बाईंचा पाय ब्रेककडे जायच्या आत मास्तरांचा पाय पोचलेला. कोपरा आला, मास्तरांचा पाय. समोरून मांजर गेलं, मास्तरांचा पाय. परक्या माणसाला ते चुकायची संधी द्यायचे, बायकोला देईनात. शेवटी टाकीजवळच्या उतारावर गाडी पुन्हा एकदा आपोआप थांबली तेव्हा बाईंनी किल्ली काढली.

"अहो, गाडी मी चालवतेय की तुम्ही?"

"तूच चालवतेयस की. मी फक्त काळजी घेतोय."

"मी थांबणारच होते."

"अगं, पण वेळेवर थांबली नसतीस तर?"

"ते आता कधी कळायचं नाही," असं म्हणून बाई उतरल्या, दार नीट वर उचलून लावलं आणि चालत घरी गेल्या. पुन्हा तो विषय घरात निघाला नाही. मास्तरांच्या मनात मात्र तो लावलेल्या दाराचा आवाज पुष्कळ वर्षं राहिला.

पुढे डोळ्यांनी दगा दिला. मास्तर आधी खांबांना दोष देत होते, मग दारांच्या चौकटींना, मग टेबलाच्या कोपऱ्यांना. शेवटी लेकीने फोनवर दम भरला तेव्हा ते डॉक्टरांकडे गेले. त्याच, मागच्या पोच्यावाल्या. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं आणि खुर्ची जवळ ओढली. काचबिंदू होता. समोरचं स्वच्छ दिसत होतं, पण दोन्ही बाजूंचं दिसणं हळूहळू विझत चाललं होतं. गेलेलं परत येणार नव्हतं. थेंब नियमित घातले तर उरलेलं टिकणार होतं.

"मास्तर, आता गाडी चालवायची नाही," डॉक्टर म्हणाले.

आयुष्यभर लोकांना 'डोळ्याच्या कोपऱ्यातून बघा' असं सांगणाऱ्या माणसाचे नेमके कोपरेच गेले. गाडी शिकवायची शाळा बंद झाली. लिंबूचं वय झालं होतं, तिला भंगारवाला घेऊन गेला. ओढून न्यायला ट्रक आला होता, पण मास्तर म्हणाले, "किल्ली फिरवून बघा, सुरू होईल," आणि ती झाली. आपल्याच चाकांवर गेली बिचारी. मास्तर घरात येऊन भिंतीकडे तोंड करून रडले आणि बाईंनी चहा ठेवला.

लेक डोंगरापलीकडे राहायची. तिला मुलगी झालेली, आणि तिकडे जाणारी बस त्याच सुमारास बंद पडली. आजोबा-आजी नातीला फोनच्या काचेतून बघत होते. थोडे दिवस बाईंनी ते सोसलं. मग एका सकाळी चहाचा कप खाली ठेवत त्या म्हणाल्या, "मी गाडी शिकणार आहे."

मास्तरांचा चेहरा उजळला. "कधीपासून सुरुवात करूया?"

"तुमच्याकडे नाही. पुलापलीकडच्या मॅडमकडे."

पुलापलीकडची मॅडम मास्तरांचीच शिष्या, आता स्वतःची शाळा काढलेली. मास्तरांच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की आठवडाभर ते पुलाच्या दिशेने फिरायलासुद्धा गेले नाहीत. पण बाई रोज गेल्या, आल्या, काही बोलल्या नाहीत आणि एक दिवस परवाना आणून टेबलावर ठेवला. पहिल्याच परीक्षेत पास.

"आता गाडी बघा," त्या म्हणाल्या. "गाडीतलं तुमच्याइतकं कुणाला कळतंय? निवडायची तुम्ही, चालवायची मी. आणि तुम्ही माझ्या शेजारी बसायचं, गप्प. जमत नसेल तर तसं सांगा, मी एकटी जाऊन लेकीला भेटून येईन."

मास्तरांना एकटं मागे राहायचं नव्हतं. नातीला मांडीवर घ्यायचं होतं. पण ब्रेक नसलेल्या सीटवर बसायचं, तेही डोंगरातल्या घाटात, या विचारानेच त्यांच्या पोटरीत गोळा आला. तरी ते कामाला लागले. आधी मिस्त्रीकडे गेले.

"छोटी गाडी घ्यायचीय. कुठली भरवशाची?"

मिस्त्रीने हात पुसले. "मास्तर, ज्या गाडीचा मालक मला ओळखत नाही ती घ्या." मग त्याने विचार करून तशा दोन-तीन गाड्या सांगितल्या.

शोरूमवाल्या ताई आदबीच्या होत्या. चक्कर मारायला स्वतः मागच्या सीटवर बसायच्या आणि मधेमधे बोलायच्या नाहीत, हे विशेष. पहिल्या गाडीच्या काचेजवळचा खांब मास्तरांना जाड वाटला, त्याच्याआड माणूस लपेल म्हणाले. ते खरंही होतं. दुसरीचा क्लच बाईंच्या गुडघ्याला जड जात होता, तेही खरं. बाकी गाडी नेक होती, पण तिच्यात बसल्यावर बाईंचा चेहरा रांगेत उभ्या असलेल्या माणसासारखा झाला.

तिसरी गाडी करड्या रंगाची, ठेंगणी, गोल नाकाची. मिस्त्रीच्या यादीतली. स्टेअरिंग हलकं पण सैल नाही, गिअर लोण्यात सुरी जावी तसा जाणारा, बाहेरचं सगळं नीट दिसणारं. बाईंनी ती शोरूमच्या बाहेर काढली, मोठ्या रस्त्याला लावली आणि नदीकाठी वळवली. मास्तरांचा पाय खाली मोकळ्या जागेत चाचपडत होता. आणि तेवढ्यात बाई गुणगुणायला लागल्या. अगदी हलक्या आवाजात, ओठ मिटून. लेकीला निजवताना त्या जे काहीबाही गुणगुणायच्या, तेच.

मास्तरांना कळायचं ते कळलं. हीच गाडी. शंकाच नको. पण त्याच क्षणी समोरून एक टेम्पो वळला, मास्तरांनी जिवाच्या आकांताने ब्रेक दाबला आणि पायाखाली ब्रेक नव्हता. बूट रबराच्या मॅटवर आपटला. बाई आपल्या आपण हळू झाल्या, टेम्पो गेला, बाई पुढे निघाल्या. काहीच घडलं नव्हतं. मास्तर मात्र घामाघूम.

शोरूमला परत आल्यावर ताईंनी विचारलं, "कशी वाटली?"

"नको," मास्तर म्हणाले. "हिचा... हिचा आवाज बरोबर नाही."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. गाडीच्या आवाजाबद्दल इतकं खोटं बोललेला माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता. त्या एवढंच म्हणाल्या, "नाचता येईना अंगण वाकडं," आणि पर्स उचलून बाहेर गेल्या.

त्या दिवशी मास्तर जेवले नाहीत. स्वतःची लाज वाटत होती. चांगल्या गाडीवर आळ घेतला होता, आणि तो कशासाठी, तर भीती लपवायला. सकाळ झाल्यावर त्यांनी शोरूमला फोन करून ती करडी गाडी ठरवून टाकली. बाई खूश झाल्या. इथेच थांबले असते तर मास्तर कसले! जित्याची खोड. गाडी हातात आली त्याच दुपारी "तेलपाणी बघून आणतो" म्हणून त्यांनी मिस्त्रीला बोलावून ती त्याच्या गॅरेजात न्यायला लावली आणि हळूच विचारलं, "दुसरा ब्रेक बसवशील?"

मिस्त्रीने टोपी मागे सारली. "वहिनींना विचारलंत?"

"सांगीन मी."

"आधी सांगा ना."

"अरे, दाबणार थोडाच आहे? नुसता पायाखाली असला की बरं. तिच्या जिवाला जपायला नको? डॉक्टर चालवू नका म्हणाले. बघू नका असं कुठे म्हणाले?"

मिस्त्रीने शिकवायच्या गाड्यांना आजवर असे किती ब्रेक बसवले असतील. त्याने हाही बसवला, पण नेहमीसारखी शीळ घातली नाही.

जायच्या सकाळी बाई नवी साडी नेसून, केस घट्ट बांधून तयार झाल्या. नातीसाठी शिवलेलं झबलं पिशवीत. पिशवी ठेवायला त्यांनी शेजारचं दार उघडलं आणि खाली बघितलं. काळं, चकचकीत पेडल. मास्तर दाराशी कुलूप लावत होते. खाई त्याला खवखवे. त्यांना पाठीमागची शांतता ऐकू आली.

"अहो."

"अगं, ते नुसतं... असावं म्हणून..."

बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मास्तरांना परवडलं असतं. त्यांचे डोळे भरून आले. "सगळ्या गावाला तुम्ही परवाना दिलात," त्या म्हणाल्या. "मला सरकारने दिला तरी तुम्ही देत नाही."

मास्तरांना तोंडात मारल्यासारखं झालं. "काढून टाकायला सांगतो मिस्त्रीला. आत्ता जातो."

"आता उशीर नको. लेक वाट बघतेय. तुम्ही मागे बसा."

"मागे?"

"मागे."

मास्तर गाडीच्या मागच्या सीटवर आयुष्यात कधी बसले नव्हते. गुडघे कुठे ठेवायचे ते कळेना, हात कुठे ठेवायचे ते कळेना. समोर बाईंची मान, पांढऱ्या झालेल्या केसांचा अंबाडा आणि आरशात त्यांचे डोळे. मास्तरांनी इतक्या लोकांना शिकवलं, पण त्यांची नजर कायम रस्त्यावर आणि शिकणाऱ्यांच्या पायांवर. गाडी चालवताना माणसाचे डोळे असे दिसतात हे त्यांनी आजवर पाहिलंच नव्हतं. बाईंचे डोळे आरशात यायचे, बाजूला जायचे, समोर जायचे, पुन्हा यायचे. घाई नाही, गोंधळ नाही.

घाट लागला. मास्तरांचा पाय सवयीने पुढच्या सीटच्या मागे दाबला गेला. पहिल्या वळणाला, दुसऱ्याला. मग ते स्वतःवरच चिडले आणि पाय आखडून बसले.

वरच्या वळणाच्या अलीकडे बाईंनी गाडी सावकाश मंदावली आणि थांबवली. इतकी हळुवार की पिशवीसुद्धा हलली नाही. मास्तर पुढे वाकले. रस्ता मोकळा होता. लख्ख मोकळा. ते बोलणार होते, "कशाला थांबलीस?" तेवढ्यात कडेच्या उतारावरून, अगदी गाडीच्या नाकासमोर, एक म्हातारा सायकल हातात धरून रस्त्यावर आला. सायकलवर लाकडांचा भारा. त्याने बाईंना हात केला आणि सावकाश पलीकडे गेला.

मास्तर त्याच्याकडे बघतच राहिले. तो माणूस केव्हापासून उतरत असणार त्या पायवाटेने. कडेला. जिथे त्यांना काही दिसत नव्हतं तिथे. ते पुढे बसले असते, पायाखाली ब्रेक असता, तरी तो पाय हलला नसता. उलट त्यांनी "चल, मोकळा आहे रस्ता" असं म्हटलं असतं. बाईंच्या जिवाला जपायला म्हणून तो ब्रेक बसवला होता.

बाईंनी वळण ओलांडून गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मागे वळून बघितलं नाही.

"तुम्हाला दिसला होता का तो?"

मास्तरांच्या ओठांवर आलेलं वाक्य त्यांनी कधी डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, लेकीला नव्हतं, स्वतःलाही नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "नाही दिसला. मला कडेचं काहीच दिसत नाही गं."

मग बाईंनी हात लांब करून शेजारचं दार आतून उघडलं.

"या पुढे."

मास्तर उतरले, गाडीला हात लावत लावत पुढे आले. बसले. खाली ते काळं पेडल होतंच. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, बूट काढून सीटखाली सारले आणि चक्क सीटवर मांडी घातली. पट्टा लावला. बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं.

"निघू?"

"नीघ. आणि ऐक ना," मास्तर म्हणाले, आणि आयुष्यात प्रथमच त्यांनी शेजारच्या सीटवरून कुणाकडे काही मागितलं. "कडेला काय काय दिसतंय ते जरा सांगत चल."

बाईंनी आरसा बघितला आणि गाडी रस्त्याला लावली. "माझ्या बाजूला खाली तळं आहे," त्या म्हणाल्या. "दोन माणसं होडी ओढतायत काठावर. तुमच्या बाजूला कौलारू घर, दोरीवर कपडे वाळतायत, सगळे लहान मुलांचेच. पुढे काटेरी कुंपण, त्याच्या आत मेंढ्या..."

मास्तर समोर बघत ऐकत राहिले.